धण्या-जिऱ्याचा कषाय

माझं लग्न झालं तेव्हा दुसऱ्या महायुद्धाची लढाई चालू होती. मी गुंजीकडची, शेतकऱ्याच्या घरातली. आमच्याकडे चहा व्हायचा तो पाहुणा आला तर, नाहीतर कुणाला हुडहुडी भरली तर. कॉफी मी डोळ्यांनीही पाहिली नव्हती. बेळगावात सासरी मात्र सकाळ व्हायची ती कॉफीच्या वासानं.

ही सवय मामंजींची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची. ते शाळामास्तर होते. तरुणपणी धारवाडला ट्रेनिंगला असताना लागलेली कॉफी पेन्शनीत निघाल्यावरही सुटली नव्हती. एरवी चुलीकडे न फिरकणारा हा माणूस कॉफी मात्र स्वतः करायचा. कढईत बिया भाजायच्या, हातयंत्रात दळायच्या, फडक्यातून गाळायची. साखर मिळायची नाही, म्हणून संकेश्वरचा गूळ. पहिल्या घोटाला मी तोंड वाकडं केलं होतं. पुढं मीच त्या वासाची वाट बघायला लागले.

मला दिवस गेले आणि अन्नावरची वासनाच उडाली. भाताला उकळी आली तरी मळमळायचं. पोटात टिकायची ती फक्त कॉफी.

"पोरीला दुसरं काय रुचत न्हाय, तर द्या की तिला," सासूबाई म्हणाल्या.

मामंजींना आनंदच झाला. सासूबाई आणि माझे यजमान दोघंही चहावाले. कॉफीची गोडी असणारं दुसरं माणूस त्यांना घरात पहिल्यांदाच भेटलं होतं. सुनेशी ते फारसं बोलत नसत. पेला झाकून उंबऱ्याशी ठेवायचे, खाकरायचे आणि निघून जायचे. सकाळी, दुपारी, दिवेलागणीला. मग अधूनमधूनही.

पाचव्या महिन्यात माझी झोप गेली. छाती धडधडायची, हात कापायचे. मला वाटलं, बाळंतपणाची भीती असेल. सासूबाईंनी तळपाय चोळले, दृष्ट काढली. काही फरक पडेना, तेव्हा टांग्यात घालून मला डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

बाईंनी पापणी ओढून पाहिली, पोटावर लाकडी नळी ठेवून कान लावला. "खाता काय?" मी सांगितलं. "आणि पिता काय?"

"आमचे हे कॉफी करून देतात की," सासूबाई कौतुकानं म्हणाल्या. "दिवसातनं चार-पाच वेळा."

"फार होते," बाई म्हणाल्या. "ही पिते ते बाळालाही पोचतं. हिची झोप उडते, छाती धडधडते, ती त्यानंच. भूकही मरते. अंगात रक्त कमी आहे, पोटात अन्न जायला हवं. सकाळी अर्धा पेला पुरे."

"बाळ बरं हाय न्हवं?" सासूबाईंचा आवाज एकदम बारीक झाला.

"ठोके छान आहेत. घाबरू नका."

टांगा घराजवळ आल्यावर सासूबाई म्हणाल्या, "ह्यांना सांगायचं कसं गं? लई जीव लावून करतात."

संध्याकाळी त्यांनीच सांगितलं. मी आतून ऐकत होते. मग मामंजी म्हणाले, "म्हणजे मी पोरीला विष पाजत होतो?"

"असं कुठं म्हणाल्या बाई? कमी करा म्हणाल्या."

ते जेवायला उठेनात. मला राहवेना. पदर सावरून मी दारापाशी गेले. "मामंजी, सुरुवातीला माझ्या पोटात दुसरं काहीच टिकत नव्हतं. तुम्ही दिलंत तेवढंच टिकलं."

त्यांनी मान वर केली नाही. "व्हय?" एवढंच म्हणाले. पण पानावर येऊन बसले.

दुसऱ्या दिवशी कढईतून वेगळाच वास आला. शेजारच्या कानडी घरात जाऊन मामंजी कषाय शिकून आले होते. धणे-जिरे भाजून, कुटून, गूळ-दुधात उकळायचे. पहिला करपला. दुसऱ्यात मेथी एवढी पडली की सासूबाईंनी तो मोरीत ओतला. तिसरा जमला.

मला मोह नको म्हणून त्यांनी स्वतःचीही कॉफी बंद केली. मग डोकं असं दुखायला लागलं की कपाळाला पंचा बांधून दिवसभर कुणावर ना कुणावर खेकसत बसले. "डोहाळे सुनेला आणि कळा सासऱ्याला!" सासूबाई हसून म्हणाल्या. शेवटी ते एका जुन्या सोबत्याकडे जाऊन कॉफी पिऊ लागले. चूळ भरून यायचे, पण मिशांना लागलेला वास बोलायचा. आम्ही दोघी काही दाखवत नसू.

हळूहळू मला झोप लागू लागली. एके दिवशी भाकरी आणि वांग्याचं भरीत मी मागून घेतलं, तेव्हा सासूबाईंचे डोळे भरून आले.

बाळंतपणाला मी गुंजीला गेले. मुलगी झाली, अंगानं भरलेली, रडायला दांडगी. कॉफी कमी केली म्हणून, की तशीच व्हायची होती, कोण सांगणार? शेवटचे महिने मी निवांत झोपले, एवढं खरं.

बारशाला मामंजी रेल्वेनं आले. माझ्या आईनं बाळ त्यांच्या मांडीवर दिलं. मान कशी धरायची ते त्यांना कळेना, म्हणून हलेचनात. पायाला मुंग्या आल्या तरी गाडीची वेळ होईपर्यंत त्यांनी तिला कुणाच्या हाती दिली नाही.