अण्णांची थाई करी

"हे काय जेवन झालं व्हय?" कुठल्याही डब्याचं झाकण उघडलं की शेजारचे अण्णा आधी हे विचारायचे. वास नंतर, राग आधी. मग दोन घास खायचे आणि मुकाट्याने आणखी वाढून घ्यायचे. तुमच्या गल्लीत असं कुणी असेल तर तुम्हाला ठाऊकच असेल, अशा माणसाचा राग कुणी मनावर घेत नाही.

राहुरीत आमच्या भिंतीला त्यांची भिंत. साखर कारखान्यात फिटर होते. निवृत्त झाले, पाठोपाठ त्यांच्या पत्नी, आमच्या नानी गेल्या, आणि अण्णा एकटे उरले. मी कालवणाचा डबा द्यायचे. तो कधी रिकामा परत आला नाही. शेजारणीचं भांडं मोकळं द्यायचं नाही, ही नानींची शिस्त. अण्णांना चहापलीकडे काही येत नव्हतं, म्हणून डब्यात आधी मूठभर साखर यायची, कधी परसातली लिंबं. मग ते हट्टाने पिठलं शिकले. पहिलं पिठलं सुरीने कापावं लागलं. मी बिनबोभाट खाल्लं.

एकदा पुण्याहून त्यांच्या लेकीने थाई करीच्या सॉसची बाटली पाठवली. नुसत्या भाज्या टाकून उकळा, म्हणाली. अण्णा बाटली घेऊन थेट माझ्या दारात.

"ताई, चाखून बघा. गोड हाय! गोड कालवन! जावई पानावरनं उठून जाईल."

"अण्णा, त्यांच्याकडे तसंच असतं."

"आसंल. आमच्या घरात न्हाई चालायचं."

संध्याकाळी डबा आला. त्या हिरव्या सॉसमध्ये वांगी, शेंगदाण्याचं कूट आणि नानींच्या हातचा काळा मसाला. नानींनी केलेली ती शेवटची बरणी. अण्णा तिला सहसा हात लावत नसत. रंग असा की बघून भूक पळावी. पण खोटं कशाला सांगू, भाकरीबरोबर आम्ही डबा पुसून खाल्ला. लेकीने त्याचा व्हिडिओ करायला लावला आणि साऱ्या नातेवाइकांत फिरवला. कौतुक तिचंही झालं.

आणि तीच लेक पुढच्या खेपेला येऊन शेगडी घेऊन गेली! निमित्त काय, तर दूध उतू जाऊन पातेलं करपलं. सिलिंडर हलवला, खानावळीचा डबा लावला. मी भांडले. दूध कुणाच्या घरी उतू जात नाही? तर म्हणते, "काकू, तुमचं काय जातंय? जबाबदारी आमच्यावर आहे." हे लिहितानाही माझं डोकं तापतं. व्हिडिओ फिरवताना कुठे गेली होती ही जबाबदारी?

खानावळीचा डबा अण्णा उघडायचे आणि काहीच बोलायचे नाहीत. नावाला एक शिवीसुद्धा नाही. मी माझा डबा नेला तर हात मागे घेतला.

"नगं ताई. परत काय घालून दिऊ?"

"काही घालू नका, अण्णा."

"तसं न्हाई चालायचं."

मी डबा ओट्यावर ठेवून निघून आले.

त्याच आठवड्यात लेकीने त्यांना पुण्याला नेलं. गाडीत बसलेल्या अण्णांनी माझ्याकडे बघून हाताने डब्याची खूण केली, मान हलवली. मला काही कळेना. तेवढ्यात लेक डबा घेऊन आली.

"हा तुमचा ना, काकू? अण्णांनी कसला तरी जुना मसाला भरून ठेवला होता यात. टाकून दिला मी. स्वच्छ घासून आणलाय."