धाकट्या भावाला साप चावला नव्हता

नागपूरच्या डॉक्टरांनी माझ्या मुलीच्या पायावरची चादर सरकवली, टाचेच्या वरची जाड गाठ दाबून पाहिली आणि मला विचारलं, "अशी गाठ घरात आणखी कोणाला होती?" सुनंदा एकतीस वर्षांची. आदल्या दिवशी हार्ट अटॅक येऊन तिची अँजिओप्लास्टी झाली होती.

"माझ्या धाकट्या भावाला," मी म्हणालो. "छत्तिसाव्या वर्षी हार्ट अटॅकनंच गेला."

सुनंदाचे सासरे शेजारीच उभे होते. त्यांना हे पहिल्यांदा कळत होतं.

भाऊ धानाच्या रोवणीच्या दिवसांत बांधीतच, म्हणजे धानाच्या शेतातच, कोसळला होता. पुढे सुनंदाची सोयरिक ठरताना भाऊ कसा गेला असं पाहुण्यांनी विचारलं, तेव्हा मी साप चावल्याचं सांगितलं. आमच्या आमगावकडे धानाच्या बांधीत साप चावला म्हटलं की पुढचं कोणी विचारत नाही. बैठकीतल्या गावकऱ्यांनीही माना डोलावल्या.

अटॅकच्या अकरा दिवस आधी सुनंदाच्या छातीत दुखलं. गोंदियाला नेलं. ईसीजी ठीक होता. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, "घरात कमी वयात कोणाला हार्टचा त्रास?" व्याही सोबत होते. मी म्हणालो, "नाही जी." गॅसची गोळी घेऊन आम्ही परतलो.

आजाराचं नाव फॅमिलियल हायपरकोलेस्टेरोलेमिया. एका जीनमधल्या बदलामुळे रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल, म्हणजे एलडीएल, जन्मापासूनच फार वाढलेलं असतं. गाठी त्याच्याच. आईबापांपैकी एकात तो बदल असेल, तर प्रत्येक मुलात येण्याची शक्यता निम्मी. भावाच्या गाठी आम्ही चिखलात राबण्याच्या समजत होतो.

माझी तपासणी झाली. सुनंदाला तो बदल माझ्याकडूनच आला. "जीन तुम्ही निवडला नाही," डॉक्टर म्हणाले. खोटं मी निवडलं होतं.

व्याह्यांनी मला व्हरांड्यात गाठलं. "सोयरिकीत साप सांगतला, समजलो. लोक सांगतेत. पण डाक्टरले काऊन लपवलं? तो का तुमची पोरगी पाहाले आला होता?"

सुनंदा वाचली. पण हृदयाचा एक भाग कायमचा गेला; चार पायऱ्या चढली की थांबते. माझ्याशी ती कामापुरतंच बोलते.

परतल्यावर भावाच्या घरी गेलो. पुतण्याची सोयरिक ठरत होती. भावजयीला म्हटलं, त्याचं रक्त तपासू.

"लग्न होऊ द्या भाऊजी, मंग तपासा," ती म्हणाली. "तुमी तुमच्या पोरीचं केलंच ना?"

तरी पुतण्याला घेऊन गेलो. एलडीएल खूप वाढलेलं निघालं. मुलीकडच्यांना मी आणि पुतण्यानं जाऊन खरं सांगितलं. चहा झाला, आणि चार दिवसांनी त्यांचा नकार आला.

तुमच्या घरात कोणी तरुणपणी असं गेलं असेल, तर डॉक्टरांनी विचारण्याआधीच सांगा. मुलांचं रक्त तपासा. लोक तोंड फिरवतील, हे मी लपवत नाही. भावजय माझं तोंड पाहत नाही. पुतण्या मात्र रोज गोळी घेतो. त्याचं हृदय अजून शाबूत आहे.