तो काढून जायचा, मी परत टाकायची

हे मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही. आईजवळ नाही, बहिणीजवळ नाही, आणि ज्याला सांगायला हवं होतं त्याच्याजवळ तर नाहीच. तुम्हाला सांगतेय — आणि सांगताना हसू फुटतंय, हे आधीच कबूल करते. अपराध सांगणाऱ्यानं हसावं का? हसू नये बहुतेक. पण आठवण आली की माझे गाल ऐकत नाहीत, त्याला मी काय करू?

लग्नाआधी मी बदनापूरला, आमच्या घरापासून जवळच, एका बियाण्याच्या गोदामात कॉम्प्युटरवर बसायची. कुठल्या लॉटची उगवण तपासून झाली, कुठला लॉट कुठल्या दुकानाला गेला, हे एका प्रोग्राममध्ये भरायचं. त्या प्रोग्रामच्या पोटात एक डेटाबेस होता, जुन्या व्हर्जनचा, आणि तो बिचारा मुकाट्यानं चालत होता. खंडेनवमी आली. आमचे मालक अण्णा यांनी वजनकाटा, पोती शिवायचं मशीन आणि कॉम्प्युटर, सगळ्यांची पूजा मांडली. पूजेआधी कॉम्प्युटरमध्ये काहीतरी नवं पडलंच पाहिजे असा त्यांचा हट्ट. "जल्दी कर पोरी, मुहूर्त चालला," दारातून त्यांचं चालूच. मी घाईघाईत डेटाबेसचं सगळ्यात नवं व्हर्जन उतरवलं आणि टाकून दिलं. नवं म्हणजे चांगलंच असणार, नाही का? कॉम्प्युटरच्या डब्यावर हळदकुंकू लागलं, नारळ फुटला. दसरा करून कामावर आले तर प्रोग्राम उघडेचना. त्याला जुनंच व्हर्जन पाहिजे होतं.

इथवर ती नुसती चूक होती. अपराध पुढे आहे.

जालन्याच्या एका दुकानातून दुरुस्तीला सतीश आला. असलं काम मशीन दुकानात नेऊन निवांत करतात. पण अण्णा आडवे आले. "पूजा लागलेली वस्तू लक्ष्मीपूजनापस्तोर उंबऱ्याबाहेर न्हाई जायाची," म्हणाले, आणि विषय संपला. म्हणून सतीशलाच मोटारसायकलवर आमच्याकडे यावं लागलं. मी शेजारी खुर्ची टाकून बसले. त्यानं आधी सगळा डेटा वेगळा काढून ठेवला, मग ते नवं व्हर्जन थांबवलं, काढलं, मागं उरलेली फोल्डरं हुडकून पुसली, जुनं टाकलं. करताना मशीनशी बोलत होता — "निघ बाबा, कशाला अडून बसला?" — अगदी घरच्या हट्टी पोराशी बोलावं तसं. चहा आला तर त्यानं पहिला कप माझ्यापुढं सरकवला. प्रोग्राम उघडला. काम एकदम चोख.

आणि मला काय वाटलं सांगू? वाईट वाटलं. एवढ्यात झालं पण?

तो गेल्यावर मी — हो, मीच — त्यानं जसं नवं काढलं होतं अगदी तसंच जुनं काढलं आणि नवं परत टाकलं. काढायचं कसं हे त्याच्याकडूनच तर शिकले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी साळसूदपणे फोन लावला.

"तुमचं ते व्हर्जन परत आलं की हो."

"आसं कसं? मी तर बराबर काढून गेल्तो."

"मधी लाईट गेल्ती. मंग आलं आसंल आपोआप."

तो आला. पुन्हा काढलं. मी पुन्हा टाकलं. दिवाळीपर्यंत हा खेळ चालला, आणि काय दिवस होते ते! मी रोज ठेवणीतला ड्रेस घालून कामावर जायची. तो डोकं खाजवत स्क्रीनकडे बघायचा आणि मी तोंडावर ओढणी धरून खोकल्याचं नाटक करायची. प्रोग्राम बंद म्हणून मालाच्या चिठ्ठ्या हातानं लिहायला लागायच्या, बोटं दुखायची, तरी मी खूश. त्याला मी आवडते हे मला तिसऱ्याच खेपेला कळलं होतं. मग थांबायचं ना? नाही थांबले.

लक्ष्मीपूजनाच्या आधी अण्णांनीच त्याच्या दुकानाच्या मालकाला फोन केला. मी समोरच बसले होते. "पोरगं गुणाचं हाय, पण ह्याला काम जमंना," असं म्हणाले. त्या दिवसानंतर सतीशला दुकानात असलं काम मिळेनासं झालं. कॅमेऱ्यांच्या वायरी ओढायला पाठवायला लागले. त्यानं मला हे हसत सांगितलं, पण त्याचे कान लाल झाले होते. मग मीच नवं काढून जुनं बसवलं आणि परत टाकणं बंद केलं. व्हर्जन गेलं ते गेलंच. का गेलं, हे त्याला उमगलं नाही.

एवढंच असतं तर मी हे लग्नाच्या मांडवातच सांगितलं असतं, आणि सगळं वऱ्हाड हसलं असतं. पण एवढंच नाही.

पुढं सतीशचा नि माझा साखरपुडा झाला आणि त्याला पुण्याच्या एका कंपनीतून बोलावणं आलं. डेटाबेस सांभाळायचंच काम. कॉलेजपासून त्याला हेच करायचं होतं. तो आमच्या घरी आला, ओट्यावर बसला आणि म्हणाला, "मी न्हाई जाऊन राह्यलो. माझ्याच्यानं एक व्हर्जन निघंना. तिथं तर मशीनीच मशीनी. पहिल्याच हप्त्यात हाकलून देतील."

एक वाक्य पुरलं असतं. तुम्हाला जमत होतं, रोज जमत होतं, मीच परत टाकत होते — बस, एवढं. ते जिभेवर आलंही होतं. आणि मी काय म्हणाले?

"तुमची मर्जी. हितं तरी काय वाईट हाय?"

आज जालन्यात त्याचा कॉम्प्युटरचा क्लास आहे, चांगला चालतो. आम्ही सुखात आहोत. भांडतो, हसतो, रविवारी त्याच मोटारसायकलवर फिरायला जातो. प्रत्येक नव्या बॅचला तो बदनापूरच्या त्या हट्टी व्हर्जनची गोष्ट सांगतो. "तिथं मी हारलो," असं मोकळेपणानं म्हणतो. पोरं हसतात. दारात चहा घेऊन उभी असलेली मीही हसते.

तो हरला नव्हता. स्वतःवर शंका घ्यायला त्याला मी शिकवलं, आणि त्याला ती खरी वाटू दिली.

पुण्याला त्यानं नकार कळवला त्या दिवशी मी शेवयांची खीर केली. बदाम घातले, केशर घातलं. त्याला वाटलं, त्याचं मन रमावं म्हणून केली. दोन वाट्या खाल्ल्या आणि माझ्या आईसमोर म्हणाला, "हिला माझं दुःख बराबर कळतं." तो इथंच राहणार, या आनंदानं मी ती केली होती.