आत्याने काढलेला आवाज

घरातली एखादी वस्तू बाहेर काढल्याशिवाय माझ्या आत्याला घास गोड लागत नसे. सडक अर्जुनीच्या तिच्या घरात दोन खुर्च्या होत्या, कारण माणसंही दोनच होती. तिसरा कोणी आला की मामाजी, म्हणजे तिचे यजमान, उठून उंबऱ्यावर बसत. चप्पल तुटली तर आत्या दुसऱ्या पायाचीही फेकून देई. मामाजींनी आपल्या जुन्या सायकलची घंटी शेजाऱ्यांकडे जपून ठेवली होती, आणि आठवण आली की ते तिथे जाऊन वाजवून येत.

पुण्याला दिलेल्या त्यांच्या मुलीने आपला जुना कॉम्प्युटर या घरी पाठवला, तो नात दिसावी म्हणून. मी गोंदियाहून जाऊन तो लावून दिला. पुण्यातच राहिलेल्या प्रिंटरचा ड्रायव्हर काढत होते, तर आत्याने विचारलं, "हे का होय?"

"यंत्राचं बोलणं कॉम्प्युटरला समजावून सांगणारा दुभाषी," मी म्हटलं.

"यंत्र घरी नाही, अन् त्याचा दुभाषी कायले बसून राहिला?"

हा प्रश्नच भोवला. मी कसं काढते हे तिने नीट पाहून ठेवलं, आणि पुढे झाडू मारून झाला की ती कॉम्प्युटरपुढे बसू लागली. ज्याचं नाव ओळखीचं नाही, तो बाहेर! माउसचाही काढून पाहिला. कॉम्प्युटर पुन्हा चालू केल्यावर तो आपोआप परत आला, तेव्हा "लय चिवट आहे मेला" म्हणून तिने त्याला राहू दिलं.

मग एके दिवशी तिचा फोन आला. आवाज पडलेला होता. "पोरगी आता आजी म्हणते म्हणे. तोंड हलताना दिसून राहिलं, पण मले काहीच ऐकू येऊन नाही राहिलं."

पहिल्या बसने गेले. आवाजाचा ड्रायव्हर साफ काढलेला. "आत्या, हा काऊन काढला?"

"लेक माझी, बोलणं मराठी. मध्ये दुभाषी कायले लागते?"

मी कॉम्प्युटरसोबत आलेली सीडी मागितली. आत्या मामाजींकडे पाहू लागली आणि मामाजी खिडकीबाहेर. परसातल्या पेरूवर, पोपटांना भिववायला, सगळ्या सीड्या दोऱ्याने टांगलेल्या होत्या. मामाजी या वयात झाडावर चढले. खालून आत्या ओरडत होती, "पडान ना! बुडाची नाही, शेंड्यावरची काढा!" खाली आलेली सीडी तिने पदराने इतकी पुसली, की शेवटी ती मला तिच्या हातातून ओढून घ्यावी लागली.

चरे पडलेली ती सीडी कुरकुरत, अडत एकदाची चालली. कॉम्प्युटरवरूनच पुण्याला फोन केला, पडद्यावर नात आली. ती आधी खोकली, मग तोंडातली बोटं काढून स्पष्ट म्हणाली, "आजी."

एरवी तोंडाचा पट्टा चालवणारी आत्या "हो माय," एवढंच म्हणाली, आणि पुढचं सगळं बोलणं मामाजींनीच केलं.

फोन संपला, पडदा रिकामा झाला. स्पीकरमधून बारीक खरखर येत राहिली. मी बटणाकडे हात नेला, तर आत्याने तो धरला.

"राहू दे ना थोडं."