मार्थाचं सुईशी वैर

"मॅडम, मार्थाबाय गेली... तिच्या छातीवरची औषधाची पट्टी काढायला आम्हाला भीती वाटते. तुम्ही या," मार्थाच्या भावाचा, अँड्र्यूचा फोन आला तेव्हा मी माणिकपूरच्या घरी चहा गाळत होते. तशीच रिक्षा करून भुईगावला निघाले.

मार्था आणि मी एकाच फार्मसी कॉलेजात शिकवायचो. आईच्या आजारपणात सुयांनी काळेनिळे झालेले हात तिनं लहानपणी पाहिले होते. सुईशिवाय औषध शरीरात जावं, हा तिचा ध्यास तेव्हापासूनचा. कातडीवर किंचित ऋणभार असतो, त्यामुळे धनभाराच्या औषधाला तिथून वाट जरा सोपी मिळते. वरून तशाच, म्हणजे धनभाराचं विजेचं टोक ठेवून हलकी वीज सोडली की कातडीला मुंग्या येतात आणि ते औषध आत ढकललं जातं. हे शिकवताना ती बधिर करणारं औषध पट्टीतून स्वतःच्याच हातावर द्यायची. मग माझ्या हाती टाचणी देऊन म्हणायची, "टोच ना! घाबरतेस काय?" मी टोचायचे आणि ती खदखदून हसायची. पण मोठ्या रेणूंची औषधं काही आत जाईनात. वर्षं गेली, त्यासाठी तिनं बनवलेलं यंत्र प्रयोगशाळेबाहेर पडलंच नाही. पुढे तिलाच कर्करोग झाला, आणि शीर सापडेना म्हणून नर्स तिला पुन्हा पुन्हा टोचत राहिल्या. ती भिंतीकडे तोंड करून पडून राहायची.

शेवटी घरी आणल्यावर वेदनेसाठी जहाल औषधाची पट्टी लावली होती. आमच्या शेवटच्या भेटीत ती गुंगीत पुटपुटली, "धन टोक कुठे लावलंस ग?"

"ह्याला वीज लागत नाही, मार्था. औषध आपसूक झिरपतं."

तिनं बोटांनी पट्टी चाचपली. मग म्हणाली, "मग मुंग्या का येतायत?"



अँड्र्यूचा फोन आला त्या सकाळी मी पट्टी सोलली. खाली फिकट चौकोन होता. पट्टी काढली तरी कातडीत उरलेलं औषध काही काळ आत जातच राहतं, हे मी कितीदा शिकवलंय. पण रक्तच थांबल्यावर ते कुठे जातं...? अँड्र्यूची बायको म्हणाली, "मॅडम, पानी घ्या." मी चिकट बाजू आत करून पट्टी दुमडत राहिले.

प्रयोग संपला की पट्टी काढलेल्या जागेवर क्षणभर तळवा ठेवायची मार्थाची सवय होती. परवा एका विद्यार्थिनीच्या हातावरची पट्टी काढली आणि माझा तळवा आपोआप तिथे जाऊन थांबला. ती दचकली. "मॅडम, तुमचा हात किती गार आहे!"

माझे हात कायम ऊन असतात. गार असायचे, ते तिचे.