दसऱ्याच्या दिवशी दाबलेलं बटण

देवपुरात पुलाच्या अलीकडे एक रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. त्याच्या मागच्या ओट्यावर रविवारी सकाळी आम्ही कॉम्प्युटरवाले जमायचो. कॉम्प्युटरवाले म्हणजे ज्यांच्या ऑफिसात कॉम्प्युटर होता आणि ज्यांना त्याला हात लावायची परवानगी होती, असे पाच-सहा जण. नव्वद सालच्या आसपास धुळ्यात एवढे एका ओट्यावर सापडत होते हेच खूप.

आमचं बोलणं लांबून ऐकणाऱ्याला वाटलं असतं, डॉक्टरची वाट बघत पेशंट बसलेत.

"तुझ्याकडे आता कसं आहे?"

"सकाळी सकाळी उठतच नाही. ऊन चढलं की जरा बरं वाटतं त्याला."

"माझ्याचा पडदा थापट मारल्याशिवाय उजळत नाही."

"उजवीकडून मारतोस का? डावीकडून मारून बघ."

आमच्यातले सर्वांत जुने म्हणजे नाना. ते जळगावच्या एका केळीच्या ट्रान्सपोर्ट ऑफिसात हिशेब बघायचे आणि खास आमच्यासाठी एसटीने धुळ्याला यायचे. येताना फ्लॉप्या स्टीलच्या डब्यात घालून आणायचे आणि बसमध्ये नेहमी सावलीच्या बाजूला बसायचे. आमच्याकडचं मे महिन्यातलं ऊन फ्लॉपीला पापडासारखं वळवतं, हे ज्ञान त्यांनी स्वतःच्या तीन फ्लॉप्या खर्ची घालून मिळवलं होतं. नानांची निष्ठा डॉसवर आणि त्यावर मजकूर लिहायच्या वर्डस्टारवर. एक माणूस, एक मशीन, एक काम. याच्यापलीकडे काही असू शकतं हे त्यांना मान्यच नव्हतं.

मी युनिक्सच्या पक्षातला. नाशिकला एका प्रशिक्षणात ते मी थोडं पाहिलं होतं. एका मोठ्या मशीनला केबलने चार-पाच टर्मिनल जोडायची, म्हणजे नुसता पडदा आणि कीबोर्ड, आणि सगळ्यांनी एकाच वेळी त्या एकाच मशीनवर काम करायचं. मला ही कल्पना इतकी आवडली की परत आल्यावर मी दुसरं बोलेनासा झालो. ऑफिसात मात्र माझ्यासमोर डॉसच होतं. म्हणजे रोजचा संसार डॉसशी आणि प्रेम युनिक्सवर. नाना म्हणायचे, "भाऊ, तुझं बरं आहे. तुला तिचा स्वयंपाक कधी खावा लागला नाही."

एका रविवारी ओट्यावर अक्का आल्या. पन्नाशीच्या पुढच्या, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. त्यांची टायपिंग इन्स्टिट्यूट गल्लीच्या तोंडाशीच होती आणि धुळ्यातल्या निम्म्या कारकुनांची बोटं त्यांच्या हाताखालून गेली होती. त्या उभ्या उभ्याच म्हणाल्या, "पोरी कॉम्प्युटर मागायला लागल्यात. तुम्ही सगळे जाणकार आहात. मी काय घेऊ ते सांगा."

जाणकार म्हटल्यावर आम्ही सगळे सरसावून बसलो. नाना म्हणाले, "डॉसची दोन मशिनं घ्या. बाकीच्या पोरी पाळीपाळीने बसतील."

मी म्हणालो, "दोनच पोरी बसणार, मग बाकीच्यांनी काय पंख्याचा वारा खायचा? अक्का, एक मोठं मशीन घ्या, चार टर्मिनल घ्या. एका विहिरीवर चार मोटा."

"आणि विहीर आटली तर?" नाना म्हणाले. "चौघी कोरड्या."

"युनिक्स आटत नाही, नाना."

हे वाक्य पुढे बरेच महिने मला ऐकवलं गेलं.

अक्कांनी माझं ऐकलं. त्यांच्या छोट्या जागेत चार टर्मिनल मावायची म्हणून निम्मे टाइपरायटर विकून टाकले. डीलर सावध माणूस होता. त्याने अट घातली, दिवाळीपर्यंत बॅच भरली तर मशीन ठेवा, नाहीतर मी सगळं उचलून नेणार. म्हणजे बॅच भरली नाही तर अक्कांच्या हातात अर्धी रिकामी खोली उरणार होती. मला याची काळजी वाटायला हवी होती. मला आनंद वाटत होता.

दसऱ्याला दरवर्षी त्यांच्याकडे टाइपरायटरची पूजा व्हायची. त्या वर्षी त्यांनी पोरींच्या आईवडिलांनाही बोलावलं. लोकांनी मशीन डोळ्यांनी बघावं आणि पोरींची नावं घालावीत, एवढा साधा हेतू. टाइपरायटरना झेंडूच्या माळा घालून झाल्यावर अक्का हळदीकुंकवाची कोयरी घेऊन मोठ्या मशीनसमोर आल्या.

"याचं तोंड कुठंय?"

मी टेबलाखाली ठेवलेल्या त्या खोक्याकडे पाहिलं. समोरच्या बाजूला सपाट पत्रा आणि एक लहानसं बटण. "तेच समजा," मी म्हणालो. अक्कांनी बटणावर ठसठशीत कुंकू लावलं.

पालक भिंतीला लागून बाकांवर बसले. चार पोरी चार टर्मिनलवर बसून इंग्रजी अर्ज टाइप करायला लागल्या. त्यातली एक शिरपूरकडच्या खेड्यातून रोज बसने यायची. तिचे वडील, आम्ही सगळे त्यांना आबा म्हणत होतो, पांढरी टोपी मांडीवर ठेवून पुढे झुकून बघत होते. मी मोठ्या मशीनच्या पडद्यासमोर बसलो. म्हटलं, आपणही चार शब्द टाइप करावेत. सुरुवात केली, एक अक्षर चुकलं, मागे जायला हवं होतं.

वर्डस्टारमध्ये मागे जायला कंट्रोल धरून एस दाबायचं. वर्षानुवर्षं दिवसभर तेच केलेलं. माझ्या बोटांना कुणी सांगितलंच नव्हतं की आपण आज दुसऱ्याच्या घरी आलो आहोत. बोटांनी कंट्रोल एस दाबलं आणि पडदा गोठला.

मी आणखी दोन-तीन कळा दाबल्या. काही नाही. सगळा कीबोर्ड ठोकून पाहिला. काही नाही. मागून एका बाईंचा आवाज आला, "यांचं नाही का चालत?"

आता डॉसमध्ये मशीन अडकलं की आम्ही काय करायचो, ते सांगायला हवं. रीसेटचं बटण दाबायचो. आपलं मशीन आपण मारायचं, आपण उठवायचं, शेजाऱ्याला पत्ताही लागत नाही. त्या दिवशी तो निर्णय मी घेतला असं म्हणणं बरोबर होणार नाही. माझा हात टेबलाखाली गेला आणि बोटाने काम उरकलं.

चारही पडदे एकदम रिकामे झाले.

"लाईट गेली!" कुणीतरी म्हणालं. सगळ्यांनी वर पाहिलं. पंखा छान फिरत होता.

"व्होल्टेज," मी गंभीरपणे म्हणालो आणि बोट वर करून पंख्याकडे दाखवलं. बोटाचं टोक कुंकवाने लालभडक झालं होतं.

अक्कांनी बोट पाहिलं. मग वाकून टेबलाखाली बटण पाहिलं. मग चष्मा डोळ्यांवरून काढून गळ्यात सोडला.

आबा उभे राहिले. "बठ्ठा टीव्ही संगेच कसा बंद पडनात? मनी पोरनं लिखेल कोठे गयं?"

सगळे पडदे एकदम कसे बंद पडले आणि पोरीचं लिहिलेलं कुठे गेलं, याचं उत्तर मलाही हवं होतं. डॉसमध्ये आपलं एकट्याचं जातं. इथे चौघींचं मी एका बोटाने घालवलं होतं. दोन पालक पिशव्या उचलायला लागले. अक्का माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाल्या, "भाऊ, आता?"

"आता ते स्वतःला तपासतंय," मी म्हणालो. हे खरं होतं. पडद्यावर इंग्रजीत एकामागून एक ओळी येत होत्या. मला धड बंद न करता मारलं आहे, माझ्या पोटात काय काय सांडलं आहे ते बघू का, असा त्यांचा सूर होता. मधूनच ते विचारायचं, हे जुळवू का, हे टाकून देऊ का. मी प्रत्येक प्रश्नाला हो म्हणत गेलो. लग्नातही मी एवढ्या वेळा हो म्हटलं नव्हतं.

अक्का पोरींकडे वळल्या. "नुसत्या बसून काय राहिल्यात? तिकडची मशिनं मोकळी आहेत. चला, माळा काढा आणि सुरू करा."

पोरी टाइपरायटरवर गेल्या. खडखडाट सुरू झाला. त्या आवाजाने लोकांना जरा धीर आला असावा, कारण पिशव्या परत खाली गेल्या आणि पेढे फिरले. मला पेढा देताना अक्कांनी माझ्या डाव्या हातावर ठेवला.

बऱ्याच वेळाने पडद्यावर नाव विचारणारी ओळ उगवली. मशीन उठलं होतं. पोरी परत टर्मिनलवर आल्या. तिघींचं लिहिलेलं थोडंफार सापडलं. शिरपूरकडच्या पोरीचं काहीच सापडलं नाही. तिने माझ्याकडे एकदा पाहिलं, कसं ते मी इथे सांगत नाही, आणि पहिल्यापासून टाइप करायला घेतलं. आबा तिच्या खुर्चीमागे जाऊन उभे राहिले. ओळी भराभर खाली उतरत गेल्या. शेवटची ओळ झाली तसं ते म्हणाले, "पहिलापेक्षा जल्दी व्हयनं."

"मग आबा," अक्कांनी विचारलं, "काय ठरवलंत?"

आबांनी टोपी डोक्यावर घातली. "पोरले धाडसू. पन या भाऊले त्या खोकाजोडे बसू देऊ नका."

सगळी खोली हसली. मीही हसलो, दुसरं काय करणार. आणि हसता हसता आणखी दोन पालकांनी पोरींची नावं घातली. पण बॅच भरायला तेवढं पुरणार नव्हतं, आणि माझ्या सल्ल्याची बातमी गावभर फिरायला दुपारही पुरेशी होती.

पुढच्या रविवारी नाना डबा घेऊन ओट्यावर आले तेव्हा त्यांना सगळं माहीत होतं. कसं, ते मी विचारलं नाही. चहा येईपर्यंत त्यांनी वाट पाहिली, मग म्हणाले, "युनिक्स आटत नाही म्हणे."

"मशीन अडकलं होतं, नाना."

"मशीन अडकलं की तू अडकवलंस? त्या दिवशी काय टाइप करत होतास? कर इथे."

"कुठे?"

"ओट्यावर कर."

मी ओट्याच्या फरशीवर कीबोर्ड असल्यासारखी बोटं फिरवली. सगळे वाकून बघत होते.

"थांब. आत्ता काय केलंस?"

"अक्षर चुकलं. मागे गेलो."

"कसा गेलास?"

"कंट्रोल एस."

नाना माझ्याकडे कीव आल्यासारखे बघत राहिले. "अरे भाऊ, डॉसमध्ये लांबलचक यादी सरसर वर जायला लागली की आपण थांबवतो कशाने?"

"कंट्रोल एसने," मी म्हणालो, आणि म्हणता म्हणता माझे कान गरम झाले.

"मग तिथेही तू पडद्याला थांब म्हणालास. तो बिचारा थांबला. तू त्याला फाशी दिलीस."

तसेच उठून आम्ही दोघं अक्कांकडे गेलो. रविवारची शेवटची बॅच सुटत होती. अक्कांनी मला एका हाताने दारात अडवलं आणि नानांना आत घेतलं. मी दारातून सांगत होतो, नाना करत होते. त्यांनी मोठ्या मशीनवर कंट्रोल एस दाबलं. पडदा गोठला. टर्मिनलवर मागे राहिलेल्या दोन पोरी टाइप करतच होत्या, त्यांना कशाचा पत्ता नव्हता. मग थांबवलेलं सोडायचं कसं, हे नाना एकेक कळ लावून शोधायला लागले. कंट्रोल क्यूला पडदा हलला.

नानांनी पुन्हा थांबवला, पुन्हा सोडला. मग त्या दोन पोरींकडे पाहिलं. पुन्हा थांबवला. असं बराच वेळ चाललं. डॉसवाल्या माणसाच्या तोंडावर एवढं कौतुक मी पहिल्यांदाच पाहत होतो, आणि तेही उंबऱ्याबाहेरून.

"अक्का," ते शेवटी म्हणाले, "मशीन चांगलं आहे. सल्लाही ठीक होता. माणूस तेवढा लांब ठेवा."

"ठेवलाय," अक्का म्हणाल्या.

नानांच्या शब्दाला जळगावपासून धुळ्यापर्यंत वजन होतं, आणि डॉसवाल्याने युनिक्सला चांगलं म्हटलं ही बातमी माझ्या बातमीच्या मागोमाग सुटली. ओट्यावरच्या प्रत्येकाने आपापल्या ओळखीतली एकेक पोरगी अक्कांकडे पाठवली. मी माझी भाची पाठवली. अक्कांनी तिला आधी विचारलं, "मामाकडून काही शिकली नाहीस ना?"

दिवाळीच्या तोंडावर डीलर आला. मी तेव्हा इन्स्टिट्यूटच्या बाहेरच्या बाकावर बसलो होतो. आत बॅच चालू असेपर्यंत माझी जागा तीच ठरली होती. त्याने रिक्षातून रिकामी खोकी उतरवली, पॅकिंगचं गवतसुद्धा आणलं होतं, आणि माझ्या शेजारी बसला.

"तुम्ही कोण?"

"या मशीनचा सल्लागार."

"मग बाहेर का?"

तेवढ्यात अक्का दारात आल्या. त्यांनी दार पूर्ण उघडून धरलं. चारही टर्मिनलवर पोरी होत्या आणि भिंतीपाशी आणखी चौघी आपल्या पाळीची वाट बघत उभ्या होत्या. डीलरने मान लांब करून पाहिलं. अक्का म्हणाल्या, "पाचवं टर्मिनल कधी देता?"

तो पाठवतो म्हणाला. मग त्याने आपल्या रिकाम्या खोक्यांकडे पाहिलं, मी पाहिलं, आणि आम्ही दोघांनी मिळून ती परत रिक्षात चढवली. अक्का दारातून लक्ष ठेवून होत्या. "हं, हे जमेल त्यांना," असं त्या कुणाला तरी आत सांगताना मला ऐकू आलं.