डायनामोला वाहिलेली फुलं

मोटार घेऊन जायचं हे अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ठरवलं आणि पाळणा घेऊन जायचं हे मी. त्यामुळे पुण्याहून दुधनीला निघालेल्या आमच्या जुन्या काळ्या मोटारीच्या टपावर एक शिसवी पाळणा उलटा बांधलेला होता आणि रस्त्यात भेटणारं प्रत्येक माणूस वर बघून हसत होतं.

गोष्ट सत्तरच्या दशकातली. या ब्लॉगवर मी एरवी ताज्या सहली लिहिते, पण सोलापूर-अक्कलकोट-दुधनी या रस्त्याबद्दल इतके जण विचारतात की म्हटलं, एकदा माझी पहिली फेरीच सांगून टाकावी. रस्ते बदलले, आमचं येडेपण मात्र अजून कोणाच्याही उपयोगी पडण्यासारखं आहे.

निमित्त होतं दादाच्या मुलीच्या बारशाचं. वहिनीचं माहेर दुधनी, कर्नाटकाच्या अगदी उंबऱ्यावरचं गाव. बाळंतपण तिकडेच झालं आणि बारसं दसऱ्याला दुपारी ठरलं. बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा, आणि आत्या म्हणजे मी. डोहाळेजेवणाच्या दिवशी वहिनीने मला माजघरात ओढून नेलं होतं. "वन्सं, मुलगी झाली तर मंजिरी. दुसरं काही ठेवू देऊ नका," असं ती म्हणाली आणि मी शब्द देऊन बसले. वहिनीने आमच्या घरात येऊन स्वतःसाठी मागितलेली ती पहिली गोष्ट.

आड येत होती शकूताई. ही माझी चुलत बहीण, वैराग गावी दिलेली, म्हणजे नात्याने तीही आत्याच. दसऱ्याला पाळण्यात जाणारी पोर ती विजयाच, हे तिने परस्पर ठरवून सगळ्या नातलगांत सांगूनही टाकलं होतं. शकूताईपुढे कोणाचं काही चालत नाही. वहिनीच्या माहेरची माणसं तर इतकी भिडस्त की पाहुण्याने घर मागितलं तरी आधी चहा विचारतील. थोडक्यात, मी वेळेवर पोचले तर मंजिरी, नाही तर विजया.

आई रेल्वेने आधीच गेली होती. मीही गेले असते, पण पाळणा ब्रेकव्हॅनमध्ये, म्हणजे सामानाच्या डब्यात, टाकायचा नाही असं अण्णांनी बजावलं. त्या पाळण्यात दादा आणि मी दोघंही झोपलेलो.

निघालो ती सकाळ खंडेनवमीची. त्या दिवशी आपल्याकडे हत्यारं आणि वाहनं पुजतात. आमचे अण्णा कोणतीही गोष्ट अर्धवट करत नाहीत. त्यांनी बॉनेट उघडून बॅटरीला गंध लावलं, रेडिएटरला हार घातला आणि शेवटी डायनामोपाशी आले. "सगळी वीज हा बिचारा करतो आणि याला कोणी विचारत नाही," असं म्हणून त्यांनी त्याच्यावर ओलं हळदकुंकू, अक्षता आणि ओंजळभर झेंडूच्या पाकळ्या वाहिल्या. मोटारीचे पाने, पक्कड, स्क्रूड्रायव्हर लाल फडक्यात बांधून देवघरात पूजेला लावले. पूजेतली हत्यारं दसरा झाल्याशिवाय उचलायची नसतात, म्हणून ती पुण्यालाच राहिली. चालू करायचं हँडल तेवढं बरोबर आलं, कारण अण्णांच्या मते तो मोटारीचा अवयव होता.

इंदापूरपर्यंतचा प्रवास नुसता गाण्याचा. तेव्हा रस्ता एवढासा, समोरून ट्रक आला की दोघांनीही एकेक चाक मातीत उतरवायचं. टेंभुर्णीला गरम भजी आणि बशीतला चहा झाला. हॉटेलवाल्याने पाळणा बघून पेढ्याचा पुडा हातात ठेवला आणि म्हणाला, "ह्ये बाळाच्या आईला द्या." कोणाचं बाळ, कुठलं, काही विचारलं नाही.

तिथून निघाल्यावर माझं लक्ष समोरच्या काट्याकडे गेलं. जुन्या गाड्यांत एक छोटी तबकडी असे. काटा उजवीकडे झुकला म्हणजे डायनामो वीज तयार करून बॅटरीत भरतोय, डावीकडे झुकला म्हणजे नुसता खर्च चाललाय. आमचा काटा डावीकडे पडून राहिला होता.

"अण्णा, बॅटरी भरत नाहीये."

"काटा बिघडला असेल."

मोहोळ यायच्या आत हॉर्न आधी म्हशीसारखा, मग करडासारखा वाजायला लागला आणि मग त्याने तोंडच मिटलं. सोलापूरच्या वेशीवर इंजिनाने दोन आचके दिले आणि मोटार उभी राहिली. चार माणसांनी ढकलत आम्हाला एका ऑटो इलेक्ट्रिकच्या दुकानापर्यंत नेलं. ढकलताना त्यांतला एक म्हणाला, "पाळना हाय म्हून ढकलतोय बरं का."

दुकानाला झेंडूचं तोरण, दार ओढून घेतलेलं. बाहेर बाजेवर मालक नरसय्या नवं धोतर नेसून ऐटीत बसले होते. घर तेलुगू विणकरांचं, सगळे भाऊ मागावर, हा एकटाच वायरीत शिरलेला. पिढ्यान्‌पिढ्या इथेच, त्यामुळे मराठी आपल्याइतकंच, कदाचित जास्तच.

"उद्या शिलंगण करून आलो की पैलं तुमचीच गाडी," ते म्हणाले.

"उद्या दुपारी बारसं आहे हो. संध्याकाळी येऊन काय उपयोग?"

"मग मी काय करू ताई? हत्यारं पूजेला लावलीत की. आज हात लावला तर वरीसभर हात चालायचा न्हाई."

"निदान बॅटरी तरी चार्जिंगला लावा."

"चार्जिंगच्या मशीनला तर सगळ्यात मोठा हार हाय."

अण्णांनी मान डोलावली. "बरोबर आहे तुमचं. आमचीही पूजेतच आहेत." मला इतका राग आला की मी पाठ फिरवून टपावरच्या पाळण्याच्या गाठी आवळायला लागले. डोळ्यांसमोर शकूताई दिसत होती, बाळाच्या कानाशी वाकलेली.

तेवढ्यात नरसय्यांची बायको राजम्मा हात पुसत बाहेर आली. तिने सगळं ऐकलं होतं. नवऱ्याकडे वळून म्हणाली, "हात लावू नका. पन तोंड तर पूजेला लावलं न्हाई न्हवं?"

नरसय्या बाजेवरून उठले. मग बाज ओढून थेट मोटारीपुढे आणली, तीवर मांडी घातली, दोन्ही हात मांडीखाली दाबले आणि म्हणाले, "ताई, उगडा बॉनेट. मी सांगतो, तुमी करा."

पुढचा तास माझ्या आयुष्यातल्या फार मजेच्या तासांपैकी. आधी हत्यार कशाला म्हणायचं यावर खल झाला. तपासायचा दिवा चालेल का? "दिवा म्हंजे हत्यार न्हाई, लक्ष्मी हाय." काचपेपर? "त्यो कागद झाला." स्क्रू कशाने काढायचा? राजम्माने स्वयंपाकघरातून उलथनं आणलं. "ह्ये पूजेला न्हाई लावलं. लावलं असतं तर सकाळपास्नं जेवला असता कुटं?"

"कटआऊट गेलाय तुमचा," नरसय्यांनी निदान ठोकलं. "डायनामोची वीज बॅटरीत सोडनारं फाटक म्हना की. शंभर टक्के त्येच."

तरी खात्री करायची ठरली. एवढा वेळ पडून राहिल्यावर बॅटरीत थोडी धुगधुगी आली होती. अण्णांनी हँडल मारमारून इंजिन कसंबसं सुरू केलं. मी सांगितल्याप्रमाणे वायरी जोडून दिव्याचं एक टोक थेट डायनामोला लावलं, दुसरं गाडीच्या लोखंडाला. डायनामो ठीक असता तर दिवा लागायला हवा होता. तो ढिम्म. म्हणजे फाटकाचा दोष नव्हताच, मुळात वीजच तयार होत नव्हती.

"त्येच म्हनलो मी," नरसय्या शांतपणे म्हणाले. "डायनामो."

डायनामोच्या मागच्या टोकाला पत्र्याचा एक पट्टा असतो. त्याच्या आत कार्बनचे दोन ठोकळे स्प्रिंगने दाबलेले असतात आणि ते फिरत्या तांब्याला घासून वीज बाहेर काढतात. आमचा पट्टा सैल होऊन बाजूला सरकला होता. उलथन्याने त्याचा स्क्रू काढला मात्र, आणि भाजक्या झेंडूचा वास सगळ्या गल्लीत पसरला.

आत पूजा मांडली होती. हळदकुंकवाचा तेलकट लगदा, करपलेल्या पाकळ्या, दोनचार अक्षता. एक ठोकळा त्या लगद्यात असा रुतून बसला होता की तांब्यापर्यंत पोचतच नव्हता.

सगळ्यांनी आळीपाळीने वाकून पाहिलं. अण्णांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "फुलं मी वाहिली," ते म्हणाले.

नरसय्या बाजेवर मागेपुढे झुलत हसायला लागले, पण हात मांडीखालून काढले नाहीत. "अण्णा, द्येवाला हार घालावा की. त्याच्या तोंडात कशाला कोंबायचा?" अण्णाही हसले, आणि मग राजम्मा, आणि ढकलणारे चौघंही, जे अजून गेलेच नव्हते.

स्प्रिंग उचलायला काही बारीक, वाकडं हवं होतं. मी अंबाड्यातला आकडा काढला. त्याने स्प्रिंग उचलली, ठोकळा ओढून काढला, पेट्रोलच्या चिंधीने पुसला, तांबं काचपेपरने लख्ख केलं. सगळं परत बसवलं. अण्णांनी हँडल मारलं, इंजिन लागलं, मी ॲक्सिलरेटर दाबला आणि काटा उजवीकडे सरकला. मी अण्णांना तिथेच रस्त्यात मिठी मारली. त्या काळी असं कोणी करत नसे.

नरसय्यांनी मजुरी घेतली नाही. मजुरी घेतली म्हणजे हत्यार उचलल्यासारखंच, असं त्यांचं म्हणणं. उलट राजम्माने आम्हाला जेवायला बसवलं. कडक भाकरी, वर शेंगाचटणी, त्यावर तेलाची धार. सोलापुरात शेंगाचटणी आता प्रत्येक दुकानात मिळते, जरूर घ्या. तशी चव मात्र मला परत मिळाली नाही, भूकही तशी कधी लागली नाही म्हणा. अंधारात दिवे लावून चालवलं तर बॅटरी पुन्हा बसेल, म्हणून आम्ही त्यांच्याच ओसरीवर झोपलो.

दसऱ्याच्या सकाळी पुन्हा ढकलून मोटार सुरू केली. नरसय्यांनी एकच ताकीद दिली होती, दुधनी येईपर्यंत इंजिन बंद करायचं नाही. रस्ता बाजरी-तुरीच्या शेतांमधून, दारादारांत तोरणं, बैलांची शिंगं रंगवलेली. अक्कलकोटला अण्णांना दर्शनाला उतरायचं होतं. मी उतरू दिलं नाही. त्यांनी चालत्या मोटारीतूनच एका हाताने नमस्कार केला.

आणि मग रेल्वेचं फाटक बंद. इंजिन जागच्या जागी घुरघुरत होतं. अण्णांनी ॲक्सिलरेटर दाबून धरला तरी काटा डावीकडे पडला. सूर्य डोक्यावर आला होता. मी केसांतला आकडा काढत खाली उतरले, बॉनेट उघडलं, पट्टा हाताने मागे सारला आणि आकड्याने ठोकळा हलवला. शेवटची एक पाकळी बाहेर आली. "आला, उजवीकडे आला," अण्णा आतून म्हणाले. मालगाडी गेली, फाटक उघडलं. केस मोकळे, दोन्ही हात मनगटापर्यंत काळे, तशीच मी आत बसले.

वहिनीच्या माहेरची गल्ली दिसली तशी मी म्हटलं, "अण्णा, हॉर्न." त्यांनी तळहात दाबला तो दारात पोचेपर्यंत काढला नाही.

आत काय झालं ते दादाने नंतर सांगितलं. पाळणा नाही म्हणून शेजारून एक पाळणा आणला होता. बायका जमल्या होत्या. "मुहूर्त टळतोय," म्हणत शकूताई पाळण्यावर वाकली, तोच बाहेर हॉर्न वाजला. आणि आमच्या वहिनीने, जिने उभ्या आयुष्यात कोणाला नाही म्हटलं नव्हतं, बाळ उचलून छातीशी धरलं. "थांबा. वन्सं आल्या."

दारात वहिनीची आई. "बर्री, बर्री," असं कानडीत 'या, या' म्हणत त्यांनी मला हाताला धरून सरळ आत नेलं. हात धुवायचं मलाही सुचलं नाही, कोणालाही सुचलं नाही. मी वाकले. बाळाच्या कानाला दुधाचा वास येत होता. मी म्हटलं, "मंजिरी." आणि रडायला लागले.

सरळ होऊन बघते तर बाळाच्या गोऱ्या गालावर माझ्या अंगठ्याचा काळाकुट्ट ठसा. शकूताईने पुढे होऊन तो ठसा न्याहाळला, मग माझे हात, मग माझे केस. पदराने पुसायला निघालेल्या आईचा हात तिने धरला.

"राहू दे, काकू. तीट लागली. हिला आता कोणाची नजर लागायची नाही." मग पाळण्याची दोरी हातात घेऊन पाळण्याचं पहिलं गाणं तिनेच म्हटलं, खणखणीत आवाजात, आणि प्रत्येक कडव्यात नाव मंजिरीच घेतलं. मला शकूताई तेव्हापासून आवडते.

परतताना सोलापूरला थांबून नरसय्यांना आपट्याचं सोनं दिलं. आता हत्यारं मोकळी होती. त्यांनी मोठ्या उत्साहाने बॉनेट उघडलं, तो पट्टा घट्ट केला, आणि करायला दुसरं काहीच उरलं नाही म्हणून जरा हिरमुसले.

पुण्याला आल्यावर अण्णांनी देवघरातली हत्यारं काढून मोटारीत ठेवली. पुढे दर खंडेनवमीला ते बॉनेटवर, तेही बंद बॉनेटवर, एकच फूल ठेवत. आता रस्ता चौपदरी झाला आहे, सकाळी निघालात तर जेवायला सोलापूर. गाड्याही अशा की आकड्याने उघडण्यासारखं त्यांत काही उरलं नाही. तुम्ही जरूर जा, फक्त पूजेतली सोडून थोडी जास्तीची हत्यारं बरोबर ठेवा.

त्या फेरीतलं काय उरलं, असं मला कोणी विचारलं तर मी मंजिरीकडे बोट दाखवते. तिच्या धाकट्या भावाला मुलगा झाला तेव्हा नाव सांगायचा मान तिचा होता. बायका जमल्या, पाळणा तोच, आमचा शिसवी. मंजिरी पाळण्यापाशी आली, वाकली आणि थबकली. "एक मिनिट," म्हणून ती अंगणात गेली. खिडकीतून तिच्या गाडीचं बॉनेट उघडल्याचा आवाज आला. परत आली तेव्हा तिचा अंगठा काळा होता.